दुसऱ्याचा दिवा, आपली झोप: घरात शिरणाऱ्या उजेडाचे काय करावे?

रात्री आपल्या खोलीतला दिवा मालवल्यावरही जो उजेड मागे उरतो, तो बहुतेक वेळा आपल्यासाठी लावलेलाच नसतो. तो रस्त्यासाठी, शेजारच्या अंगणासाठी, गोदामाच्या फाटकासाठी किंवा जाहिरातीच्या फलकासाठी लावलेला असतो आणि आपल्या छतावर, भिंतीवर किंवा थेट डोळ्यांवर येऊन पडतो. त्याविषयी तक्रार करणाऱ्याला अंधार हवा आहे असा समोरच्याचा समज होतो आणि मग सुरक्षितता मोठी की झोप मोठी, असा वाद सुरू होऊन मूळ प्रश्न बाजूला पडतो. खरे पाहता जो प्रकाश आपल्या उशीवर येतो तो त्या दिव्याच्या मालकाच्याही उपयोगी पडत नाही. पैसे मोजून निर्माण केलेला आणि वाया गेलेला असा तो भाग असतो. प्रकाश कुठे, किती आणि किती वेळ पडावा एवढाच हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी दिवा न विझवताही निघते.

शरीर रात्र कशी ओळखते

डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात हे शाळेत शिकवले जाते: रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी आणि मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी. दृष्टिपटलात तिसऱ्याही प्रकारच्या काही पेशी स्वतः प्रकाश ओळखतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. या पेशींमध्ये मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. समोरचे दृश्य दाखवणे हे या पेशींचे मुख्य काम नव्हे. बाहेर उजेड किती आहे, ही वार्ता त्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असलेल्या पेशींच्या एका इवल्याशा पुंजक्याला पोहोचवतात आणि हाच पुंजका शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. दृष्टी पूर्ण गेलेल्या काही व्यक्तींचे घड्याळही प्रकाशाने जुळते राहते, त्याचे कारण हेच आहे.

संध्याकाळी उजेड ओसरला की या घड्याळाच्या इशाऱ्याने मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, शरीराचे आतले तापमान हळूहळू उतरते आणि झोपेची तयारी होते. या वेळी डोळ्यांत पुरेसा प्रकाश शिरला तर मेलॅटोनिनचा स्राव थोपतो आणि शरीराच्या दृष्टीने रात्र लांबणीवर पडते.

आता ‘पुरेसा’ म्हणजे किती? एखाद्या जागेवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक लक्स आहे. दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात; एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पडला की तो एक लक्स होतो. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, कार्यालयातल्या टेबलावर ३०० ते ५००, दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यावर साधारण ५ ते २०, आणि पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना फार तर ०.३ लक्स. विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या माणसाला रात्रीच्या आकाशातून मिळणारा सर्वात लख्ख प्रकाश तो एवढाच. शयनगृहात येणारा दोन-तीन लक्सचा उजेड दिवसाच्या तुलनेत क्षुल्लक भासला, तरी चांदण्याच्या तुलनेत तो कित्येक पटींनी जास्त असतो.

माणसामाणसांतला फरकही येथे विलक्षण आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५५ जणांना संध्याकाळच्या वेळी वेगवेगळ्या तीव्रतेच्या प्रकाशात बसवून त्यांचे मेलॅटोनिन मोजले गेले. स्राव निम्म्यावर येण्यासाठी कोणाला ६ लक्स पुरले, तर कोणाला ३५० लक्स लागले. म्हणजे एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला समोरच्या दिव्याचा त्रास होतो आणि दुसऱ्याला तो जाणवतही नाही, ही गोष्ट अगदी शक्य कोटीतली आहे. ‘आम्हाला तर काही होत नाही’ हे वाक्य त्रास सोसणाऱ्याला फार जिव्हारी लागते. त्यात समोरच्याचा खोटेपणा नसतो, पण त्रास होणाऱ्याचा कांगावाही नसतो.

झोप लागून डोळे मिटल्यानंतर काय होते, हा पुढचा प्रश्न. पापण्या बराचसा प्रकाश अडवतात, निळा प्रकाश तर अधिकच अडवतात. पण त्या पूर्ण अपारदर्शक नसतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २० निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना एक रात्र १०० लक्स प्रकाशात आणि काहींना ३ लक्सपेक्षा कमी प्रकाशात झोपवले गेले. उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर अधिक वेगाने पडले आणि सकाळी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला आढळला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही गटांच्या मेलॅटोनिनमध्ये फरक दिसला नाही. झोपलेले शरीर प्रकाशामुळे सावध अवस्थेत राहते आणि हा परिणाम केवळ मेलॅटोनिनच्या मार्गानेच होतो असे नाही, एवढे त्यातून कळते.

मात्र या प्रयोगावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. १०० लक्स म्हणजे खोलीतला दिवा चालू ठेवण्यासारखे झाले. रस्त्यावरच्या दिव्याचा खिडकीतून येणारा उजेड सहसा याच्या कितीतरी खाली असतो. बाहेरच्या उजेडाचा मोठा उपद्रव, माझ्या मते, डोळे उघडे असताना होतो: झोप लागण्यापूर्वीचा वेळ लांबतो, आणि मध्यरात्री सहज जाग आली तर समोरचा झोत दिसून माणूस पूर्ण जागा होतो. सतत बदलणारा उजेड, म्हणजे लुकलुकणारा फलक किंवा वारंवार पेटणारा-विझणारा दिवा, हा त्याच सरासरी तीव्रतेच्या स्थिर दिव्यापेक्षा जास्त छळतो, कारण बदलाकडे लक्ष वेधले जाणे हा मेंदूचा स्वभावच आहे.

त्रास अलीकडे का वाढला

बाहेरचे दिवे पूर्वीही होते. मग हल्लीच एवढी ओरड का, असे विचारले जाते. त्याचे एक कारण अगदी साध्या हिशेबात दडलेले आहे. लोक दिवा वॅटवर विकत घेतात, आणि वॅट हे दिव्याच्या प्रकाशाचे माप नव्हे, तो किती वीज घेतो याचे माप आहे. १०० वॅटचा हॅलोजन दिवा साधारण दीड हजार लुमेन प्रकाश देतो. १०० वॅटचा एलईडी फ्लडलाइट १० हजार लुमेनच्या आसपास देतो. जुना दिवा गेला म्हणून कोणी तेवढ्याच वॅटचा नवा बसवला, तर त्याच्या नकळत अंगणातला प्रकाश सहापटींहून अधिक होतो. हा माणूस शेजाऱ्यांना त्रास द्यायला निघालेला नसतो. तो आपल्या परीने जुन्याच्या जागी नवा दिवा लावत असतो.

दुसरे कारण रंगाचे. रस्त्यांवरचे जुने सोडियमचे दिवे पिवळट-नारिंगी प्रकाश देत. त्यात निळा भाग फार थोडा असे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा पिवळा लेप त्यातला बराच भाग इतर रंगांत बदलतो. दिव्याच्या खोक्यावर जो केल्विनचा आकडा असतो त्यावरून हा रंग ओळखता येतो: २२०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे पांढरा, ५००० ते ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आकडा जितका मोठा तितका निळ्याचा वाटा साधारणपणे अधिक. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यांच्या एलईडी दिव्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगाची शिफारस केली, ती याच विचारातून.

तिसरे, आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे कारण दिशेचे आहे. एलईडीचा प्रकाश अगदी लहान ठिपक्यातून बाहेर पडतो, त्यामुळे तो ठिपका डोळ्यांना थेट दिसला की डोळे दिपतात. तोच दिवा जमिनीकडे वळवलेला असेल आणि त्याचा ठिपका आपल्या खिडकीतून दिसत नसेल, तर त्याच खांबाखाली कोणाला गाढ झोप लागू शकते.

उशीवर डोके ठेवून पाहणे

उपायांवर खर्च करण्यापूर्वी रात्री एकदा घरातले सर्व दिवे मालवून अंथरुणावर नेहमीसारखे पडावे, पंधरा-वीस मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले की मग निरीक्षण करावे. पहिला प्रश्न असा की उशीवरून प्रत्यक्ष दिवा दिसतो, की केवळ त्याने उजळलेले छत आणि भिंती दिसतात. या दोन परिस्थितींची औषधे वेगळी आहेत. दिवा थेट दिसत असेल तर संपूर्ण खिडकी झाकण्याची गरजच नसते; दिव्यापासून डोळ्यांपर्यंत जी सरळ रेषा येते ती कुठेतरी तोडली की पुरते. पलंग हातभर सरकवणे, डोके आणि पाय यांची बाजू बदलणे, खिडकीच्या केवळ खालच्या किंवा वरच्या अर्ध्या भागावर पडदा लावणे, एवढ्यावर कित्येकांचे काम भागते आणि वारा येण्याची वाट मोकळी राहते.

दिवा दिसत नसून खोलीच मंदपणे उजळत असेल, तर प्रकाश कुठून शिरतो ते पाहावे लागते. जाड पडदा लावूनही खोली उजळते, तेव्हा दोष बहुधा कापडाचा नसतो, कडांचा असतो. पडद्याच्या वरच्या दांड्यामागून निघालेली तिरीप थेट छतावर पडते आणि पांढरे छत तोच उजेड सगळ्या खोलीत पसरवते. म्हणून पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर रुंद असावा, खाली चौकटीच्या बराच पुढे उतरावा, आणि वरच्या फटीवर पेल्मेट, म्हणजे दांडा झाकणारी आडवी पट्टी, असावी किंवा दांडा भिंतीकडे वळवून घ्यावा. फिकट पडद्यालाही मागून अपारदर्शक अस्तर लावले की तो चालतो; गडद रंग म्हणजे दाट कापड, हा समज खरा नाही.

आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड असतील तर त्यांच्या कलाकडे लक्ष द्यावे. दिवा खिडकीपेक्षा उंचावर असेल तर पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकलेली हवी. दिवा खाली जमिनीवर असेल, जसे वरच्या मजल्यांवर अनेकदा होते, तर ती वर उचललेली हवी. कल बरोबर असला की हवा येत राहते आणि झोत अडतो.

दुधी काचेचा किंवा दुधी फिल्मचा उपाय पुष्कळ जण करतात आणि निराश होतात. दुधी पृष्ठभाग प्रकाश फारसा अडवत नाही, तो विखरतो. दिव्याचा टोचणारा ठिपका नाहीसा होतो खरा, पण त्याच्या जागी सगळी खिडकी उजळून निघते. उन्हात येणाऱ्या काचेवर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवणेही टाळावे. काच असमान तापून तडकण्याचा धोका असतो. डोळ्यांवर बांधायची पट्टी हा मात्र स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, विशेषतः जिच्यात डोळ्यांपुढे पोकळी ठेवलेली असते आणि पापण्यांवर दाब येत नाही अशी पट्टी. पडदा बसवेपर्यंतचे दिवस तिच्यावर निभावता येतात.

पूर्ण अंधार करणाऱ्या पडद्याची एक किंमत असते, ती विसरून चालत नाही. पहाटेचा उजेड शरीराच्या घड्याळाला रोज जागेवर आणतो. तोही अडला तर उठणे जड जाते आणि घड्याळ मागे सरकत राहते. असे पडदे लावणाऱ्याने सकाळी उठल्याबरोबर ते सारून उजेडात यावे. दिवसा भरपूर उजेडात वावरणाऱ्याच्या शरीरावर रात्रीच्या मंद प्रकाशाचा परिणाम तुलनेने कमी होतो, हाही त्यातला आणखी एक लाभ. घरात रात्री उठणारी वयस्क माणसे असतील तर वाटेवर जमिनीलगत पिवळसर किंवा तांबूस रंगाचा मंद दिवा ठेवावा, कारण मिट्ट काळोखात पडण्याचा धोका झोपमोडीपेक्षा मोठा आहे.

दिव्याच्या मालकाशी बोलणे

खिडकीवरचे उपाय लगेच करावेत, कारण झोप आजच हवी असते. पण तेवढ्यावर थांबू नये असे मला मनापासून वाटते. पडदा आपल्यापुरता प्रश्न सोडवतो आणि बाहेरचा झोत इतर सगळ्यांवर पडतच राहतो.

शेजाऱ्याशी बोलताना तक्रारीपेक्षा दर्शन अधिक उपयोगी पडते. रात्री त्यांना दोन मिनिटे आपल्या खोलीत बोलवावे आणि आपण जे पाहतो ते पाहू द्यावे. आपला दिवा समोरून कसा दिसतो हे बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते. येणे शक्य नसेल तर छायाचित्र दाखवावे, मात्र मोबाइलचा कॅमेरा अंधारात स्वतःहून चित्र उजळवतो हे लक्षात ठेवावे; अतिरंजित छायाचित्र पाहून समोरचा माणूस उलट अविश्वास दाखवतो. ‘उशीपाशी वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात’ हे वाक्य कोणत्याही छायाचित्रापेक्षा नेमके आहे, अर्थातच ते खरे असेल तर.

मागणी करताना ‘दिवा बंद करा’ असे न म्हणता काय बदलता येईल ते सुचवावे. फ्लडलाइटचे तोंड खाली वळवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि पाना हाताशी असला की काही मिनिटांत होतो. झोताचा मुख्य भाग सरळ खालच्या दिशेपासून ७० अंशांच्या आत राहिला तर डोळे दिपणे पुष्कळ कमी होते. येथे एक गोष्ट प्रथम उलटी वाटते: दिवा उंचावर बसवून सरळ खाली वळवला तर तो कमी उंचीवर बसवून आडवा रोखलेल्या दिव्यापेक्षा शेजाऱ्यांना कमी त्रास देतो. तोंड वळवून भागत नसेल तर दिव्याला एका बाजूने पत्र्याचे आच्छादन लावता येते, कमी लुमेनचा आणि पिवळसर रंगाचा दिवा घालता येतो, किंवा ठरावीक वेळेनंतर तो बंद करणारा टायमर बसवता येतो. संध्याकाळी आपोआप लागणारे दिवे अनेकदा केवळ अंधार ओळखून चालतात, म्हणून ते पहाटेपर्यंत जळत राहतात; मालकाला त्यांची रात्रभर गरज असतेच असे नाही.

हालचाल ओळखणारा सेन्सर हा चांगला तोडगा आहे, पण तो नीट लावला तरच. फार संवेदनशील ठेवलेला सेन्सर मांजर गेले, फांदी हलली, रस्त्यावरून वाहन गेले की दिवा पेटवतो, आणि रात्रभर असे चालले तर आधीचा स्थिर दिवा बरा होता म्हणायची पाळी येते. त्याचा पल्ला अंगणापुरता आखावा आणि पेटून राहण्याचा काळ एक-दोन मिनिटांचा ठेवावा.

सुरक्षिततेचा मुद्दा निघतो तेव्हा त्याला सरळ आणि प्रामाणिक उत्तर द्यावे. प्रकाशाने गुन्हे कमी होतात का, याचे एकच एक उत्तर नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक गृहसंकुलांत तात्पुरते प्रकाशस्तंभ उभारले गेले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र रस्त्यांचे दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद केल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात, कारण जागा आणि परिस्थिती वेगळी आहे. आपल्या मागणीला मात्र यातला कोणताही निष्कर्ष आड येत नाही: डोळ्यांवर रोखलेला झोत पाहणाऱ्याला आंधळे करतो, त्याच्या मागची सावली आणखी गडद करतो आणि सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रही बिघडवतो. खाली वळवलेल्या दिव्यात फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अधिक स्पष्ट दिसतो.

रस्त्यावरचे दिवे आणि नियम

दिवा सार्वजनिक असेल तर स्थानिक संस्थेकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात खांबाचा क्रमांक, खिडकीची दिशा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत त्रास होतो आणि नेमके काय हवे आहे, हे लिहावे. रस्त्याच्या दिव्याला घराच्या बाजूने बसवायचे आच्छादन अनेक उत्पादक तयारच पुरवतात. तेवढेच मागितले तर रस्त्यावरचा प्रकाश तसाच राहतो आणि अधिकाऱ्यालाही होकार देणे सोपे जाते. स्वतः खांबावर चढून दिव्याला रंग फासणे किंवा कापड बांधणे हे विजेच्या दृष्टीने धोकादायक आहे आणि त्याने आपली बाजूही कमकुवत होते.

आकड्यांचा आधार हवा असेल तर आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची २०१७ मधील सुधारित मार्गदर्शिका उपयोगी आहे. खिडकीच्या उभ्या पृष्ठभागावर उशिरा रात्री किती प्रकाश पडावा याच्या मर्यादा तिने परिसरानुसार सुचवल्या आहेत: गजबजलेल्या शहरी भागात ५ लक्स, मध्यम उजळलेल्या वस्तीत २, विरळ वस्तीत १, आणि मुळातच अंधाऱ्या ग्रामीण भागात ०.१ लक्सपेक्षा कमी. हा कायदा नव्हे, शिफारस आहे. मोजमाप करायचे तर मीटर काचेशी उभा धरून, घरातले दिवे मालवून करावे. मोबाइलमधल्या ॲपचे आकडे इतक्या मंद प्रकाशात भरवशाचे नसतात.

काही देशांनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. फ्रान्समध्ये रिकाम्या कार्यालयांचे आणि दुकानांच्या दर्शनी खिडक्यांचे दिवे रात्री ठरावीक वेळेनंतर बंद ठेवण्याचे नियम २०१३ पासून आहेत, आणि २०१८ च्या आदेशाने ते आणखी विस्तारले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने कृत्रिम प्रकाशाला आवाज आणि धूर यांच्यासारखाच कायदेशीर उपद्रव मानले. विमानतळ, बंदरे, रेल्वेच्या जागा, तुरुंग, दीपगृहे अशांना त्यातून वगळले आहे. जिथे असा नियम नाही, किंवा जिथला दिवा अशाच वगळलेल्या जागेचा आहे, तिथे दिव्याची दिशा आणि वेळ यांवर वाटाघाट करणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी एकट्याने जाण्यापेक्षा त्याच बाजूला खिडक्या असलेल्या सगळ्या घरांनी मिळून एकच अर्ज दिलेला बरा.